एका सतरंजीवर कारागीर आणि अभ्यासक: ठाणे-नवी मुंबईत भेट घडवायची तर

पहिल्या भेटीसाठी आम्ही सभागृह घेतलं होतं. व्यासपीठ, माईक, मागे पडदा, समोर शंभर खुर्च्या. अभ्यासक मंडळी पुढच्या रांगेत बसली. बांबूकाम करणारी चार माणसं मुरबाडकडून एसटीने कल्याणला आणि तिथून लोकलने ठाण्याला आली होती, ती आपोआप शेवटच्या रांगेत गेली. दोन तास भाषणं झाली. मग एकेकाला व्यासपीठावर बोलावून शाल-श्रीफळ दिलं, फोटो काढले. निघताना त्यांच्यातल्या एक मावशी दाराशी थांबून मला म्हणाल्या, "बाई, कार्यक्रम छान झाला. पण आम्हाला कोणी काही विचारलंच नाही."

त्या दिवशी चार माणसांची मजुरी बुडाली होती आणि त्या बदल्यात घरी गेल्या चार शाली. पुढे मी अशा बऱ्याच भेटी घडवून आणल्या. काही जमल्या, काही फसल्या. पण प्रत्येक वेळी हेच दिसलं की भेट कारागिराच्या वेळापत्रकावर, त्याच्या मजुरीच्या हिशेबावर आणि त्याच्या प्रश्नांवर उभी राहिली तर अभ्यासकालाही खरं काही हाती लागतं. अभ्यासकाच्या सोयीने घेतली तर फोटो मिळतात, माहिती मिळत नाही. तुमचं महाविद्यालय, वाचनालय, मंडळ किंवा सोसायटी असं काही करू पाहत असेल तर आम्ही ज्या क्रमाने करतो तो पुढे देते आहे.

एकच काम निवडा

"हस्तकला" हा शब्द फार मोठा आहे. त्याखाली सगळ्यांना बोलावलं की मेळावा होतो, बोलणं होत नाही. आपल्या भागात निवडायला पुष्कळ आहे. सूप, टोपली, रोवळी, दुरडी, परडी करणारे बुरूड आहेत. दिवाळे, सारसोळे, घणसोलीसारख्या नवी मुंबईतल्या गावांत आणि ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यात जाळी विणणारे, तुणणारे हात अजून आहेत. कल्याणच्या बाजूला गणपतीचे कारखाने आहेत. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर वारली, ठाकर, कातकरी वस्ती आहे. वारली चित्रांची मुख्य भूमी डहाणू-तलासरीची. आज ती पालघर जिल्ह्यात मोडते, पण १ ऑगस्ट २०१४ पर्यंत तीही ठाणे जिल्ह्यातच होती.

यातलं एक काम घ्या आणि त्यातलीही एक बाजू घ्या. "बांबूकाम" हा विषय ठेवू नका, "सुपाला लागणारा बांबू" ठेवा. "मासेमारी" ठेवू नका, "फाटलेलं जाळं कसं तुणतात" ठेवा. विषय अरुंद असला की कारागीर पहिल्या वाक्यापासून बोलायला लागतो, कारण त्या जागेवर त्याच्याइतकं जाणणारं खोलीत दुसरं कोणी नसतं.

माणसंही मोजकीच हवीत. तीन-चार कारागीर, दोन-तीन अभ्यासक आणि दोघांची भाषा कळणारा एक मध्यस्थ. बघायला यायचं म्हणणाऱ्यांना पहिल्या भेटीत नम्रपणे नाही म्हणा.

आधी कारागिराचं पंचांग बघा

विद्यापीठाचं वर्ष जून-जुलैत सुरू होतं, शोधनिबंधाच्या मुदती डिसेंबर आणि मार्चमध्ये येतात. अभ्यासक त्यानुसार तारीख मागतात. ती द्यायची नाही.

मूर्तिकाराला आषाढापासून गणपती विसर्जनापर्यंत डोकं वर काढायला वेळ नसतो. त्याच्याकडे जायचं ते दिवाळीनंतर, साचे दुरुस्त होत असताना. बुरुडांचा भाद्रपद असाच गर्दीचा, कारण गौरीच्या ओवशाला, म्हणजे सुनांनी गौरीपुढे सूप ओवाळायच्या विधीला, सुपं लागतात. लग्नसराईत झालीच्या विधीसाठी टोपल्यांना मागणी येते. पाड्यावरच्या माणसांना जून-जुलैत लावणी आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कापणी असते, तेव्हा चित्राबद्दल विचारायला जाणं म्हणजे आवणातून, भाताच्या शेतातून, माणूस उठवणं. आणि कोळीवाड्यात? यांत्रिक होड्यांची मासेमारी १ जून ते ३१ जुलै या काळात बंद असते. होड्या किनाऱ्याला लागलेल्या, घरातले म्हातारे-तरुण ओट्यावर बसून जाळी तुणत असतात. नारळी पौर्णिमा जवळ येईपर्यंत जाळ्यांवर बोलायला याहून चांगले दिवस नाहीत. हात कामात असतात आणि तोंड मोकळं असतं.

दिवसातली वेळही विचारून घ्या. बायकांचं पाणी भरणं, मुलांची शाळा, सकाळचा बाजार हे सगळं उरकल्यावर साधारण अकरा ते दोन ही वेळ जमते. परतीची एसटी किंवा आसनगावहून सुटणारी लोकल गाठायला हवी असेल तर कार्यक्रम त्या गाडीच्या आधी तासभर संपवायचा. यात तडजोड नको.

माणसं कुठे भेटतात

कारागिराची पहिली भेट त्याच्या विक्रीच्या जागी घ्या, पण गिऱ्हाइकांच्या वेळी नाही. सीबीडी बेलापूरला सिडकोचं अर्बन हाट आहे. तिथे ठिकठिकाणचे कारागीर पंधरवड्या-आठवड्यासाठी येऊन बसतात. दुपारी दोनच्या सुमाराला शुकशुकाट असतो, तेव्हा जाऊन बसा, बोला, काहीतरी विकत घ्या. ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात सणाच्या आधी सुपं, परड्या घेऊन बसणाऱ्या बायका दिसतात. मुरबाडजवळ म्हशाची जत्रा पौष पौर्णिमेला भरते, ती बैलबाजाराइतकीच घोंगड्यांसाठी ओळखली जाते. लोकरीच्या कामाचा अभ्यास करणाऱ्याने ती चुकवू नये.

एक गोष्ट मला उशिरा कळली. तुम्ही घरी जाता तेव्हा बोलायला पुढे येतो तो बहुधा पुरुष. बाजारात जाणं, भाव करणं, बाहेरच्यांशी बोलणं त्याच्याकडे असतं. कांबट म्हणजे बांबूची पातळ पट्टी तासणं, विणणं, कड बांधणं यांतलं बरंचसं काम मागे बसलेली बाई करत असते. भेटीचं आमंत्रण त्याला दिलंत तर तोच येणार. म्हणून विचारायचं ते असं: "हे सूप कुणी विणलं?" आणि उत्तरात जिचं नाव येईल तिला, तिच्या नावाने, आमंत्रण द्यायचं. घरातल्या पुरुषालाही बोलवा, पण तिच्या जागी नको.

अभ्यासक कोण हवेत

आपल्या आसपास अभ्यासकांना तोटा नाही. फॅशन आणि वस्त्रकलेची राष्ट्रीय संस्था निफ्ट खारघरला आहे, तिचे विद्यार्थी अभ्यासक्रमाचा भाग म्हणून कारागिरांच्या वस्तीत जाऊन कामाची नोंद करतात. पवईला आयआयटीचं डिझाईन केंद्र आहे. देवनारला टाटा समाजविज्ञान संस्था, बाळकुमला मुंबई विद्यापीठाचं ठाणे उपकेंद्र. शहरातल्या महाविद्यालयांत वनस्पतिशास्त्राचे, इतिहासाचे, मराठीचे प्राध्यापक आहेत.

डिझाईनचा आणि समाजशास्त्राचा माणूस सगळे बोलावतात. माझा आग्रह वनस्पतिशास्त्र आणि भाषा या दोन विषयांसाठी असतो. मेस, माणगा, कळक ही बांबूंची नावं कारागीर सहज घेतो, पण गावातल्या एका नावाखाली शास्त्रातली एकच जात असेलच असं नाही. पान-पेर बघून ते ठरवायला वनस्पतीचा जाणकार लागतो. आणि कारागिराच्या तोंडचे शब्द जसेच्या तसे उतरवायला भाषेचा.

अभ्यासकाला होकार देण्याआधी त्याच्याकडून मराठीत एक पानभर लिहून घ्या. मला काय शोधायचं आहे, पैसा कुठून येतो, फोटो आणि ध्वनिमुद्रण कुठे ठेवणार, मी किती वेळा येणार, परत काय देणार. हे पान साध्या मराठीत लिहिता आलं नाही तर तो माणूस अजून तयार नाही असं समजा. हे पान भेटीच्या आठवडाभर आधी कारागिरांना वाचून दाखवायचं असतं. एका तरुणाने त्यात "पारंपरिक ज्ञानव्यवस्थांचे दस्तऐवजीकरण" असं लिहिलं होतं. मावशींनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे नक्की काय करणार?" मग त्याने ते खोडलं आणि लिहिलं, "तुम्ही बांबू कसा निवडता ते बघून लिहून ठेवणार." दोन्ही वाक्यांत किती अंतर आहे बघा. त्याचा पुढचा सगळा अभ्यास त्या दुसऱ्या वाक्यावर झाला.

मजुरी, आणि ती त्याच दिवशी

मानधन हा शब्द मी वापरत नाही. मजुरी म्हणते. मानधनात मान देणाऱ्याचा असतो, मजुरीत काम करणाऱ्याचा हक्क असतो.

हिशेब असा करा. समजा घरातली दोन माणसं मिळून दिवसाला ९०० रुपयांचा माल करतात. ती दोघं आली तर ९०० रुपये बुडाले. प्रवास २४० रुपये. सोबत करून आणलेले नमुने आणि हत्यारं यांच्या ओझ्यासाठी स्टेशनपासून रिक्षा १०० रुपये. म्हणजे १२४० रुपयांवर ती दोघं फक्त तोट्यातून बाहेर आली. शिकवण्याची, दाखवण्याची मजुरी त्यापुढे सुरू होते. बाहेरच्या व्याख्यात्याला तुमची संस्था तासाला जे देते तोच दर कारागिरालाही लावा. आकडे मी उदाहरणासाठी घेतले आहेत. खरे आकडे त्यांना विचारा, आपल्या मनाने अंदाज बांधू नका.

पैसे हातात, त्याच दिवशी, पाकिटात. एका संस्थेने एकदा पॅन कार्ड, रद्द केलेला धनादेश आणि ठरावीक नमुन्यातलं बिल मागितलं. रक्कम जमा व्हायला सात महिने गेले. तोवर त्या काकांनी माझा फोन उचलणं सोडलं होतं, आणि त्यांचं काही चुकलं नव्हतं. तेव्हापासून आम्ही एक छोटा निधी आधी जमवतो, त्यातून मजुरी देतो आणि संस्थेकडून येणारा पैसा मागाहून त्या निधीत भरतो. संस्थेच्या कागदांसाठी साध्या पावतीवर सही किंवा अंगठा घेतो.

दाखवण्यासाठी केलेली वस्तू अभ्यासक ठेवून घेणार असेल तर तिची किंमत वेगळी. "नमुना म्हणून राहू द्या" हे वाक्य भेटीत कोणी उच्चारायचं नाही.

पहिले प्रश्न कारागिराचे

या टप्प्यावर सगळ्यात जास्त वेळ द्या. नेहमी होतं काय, की अभ्यासक प्रश्नावली घेऊन येतो आणि कारागीर उत्तरं देतो. आम्ही ते उलटं केलं. भेटीच्या दोन आठवडे आधी कारागिराच्या घरी जाऊन एवढंच विचारायचं: तुमच्या कामात अडतंय कुठे? शिकलेल्या माणसाला विचारून बघावं असं काही आहे का?

बुरुडांकडून आलेला पहिला प्रश्न होता पिठाचा. टोपली करून ठेवली की काही महिन्यांत बांबूला बारीक भोकं पडतात आणि खाली पिठासारखी भुकटी सांडते. गिऱ्हाईक टोपली परत आणतं. यावर काय?

वनस्पतिशास्त्राच्या बाईंनी सांगितलं की हा एका छोट्या भुंगेऱ्याचा उद्योग, आणि त्याला बांबूतलं पिष्ट हवं असतं. बांबूत पिष्ट जितकं जास्त तितकी कीड जास्त. मावशींनी लगेच सांगितलं, "म्हणून तर आमचा सासरा कोंब फुटायच्या दिवसांत बेटाला कोयता लावू द्यायचा नाही. पाऊस सरल्यावर, थंडीत तोडायचा, तोही अंधाऱ्या पंधरवड्यात. आणि वर्षाचा कोवळा नाही, तीन-चार वर्षांचा पक्का." बाई लिहीत होत्या त्या थांबल्या. थंडीत तोडणं आणि पक्का बांबू घेणं या दोन गोष्टी पुस्तकाशी जुळत होत्या. अंधाऱ्या पंधरवड्याचं काय, हे त्यांना खात्रीने सांगता येईना, आणि त्यांनी ते तसं कबूल केलं. त्या कबुलीने खोलीतली हवा बदलली. पहिल्यांदाच दोन्ही बाजूंना ठाऊक नसलेली एक गोष्ट मधोमध होती.

मग तिथेच प्रयोग ठरला. एकाच बेटातला, एकाच वयाचा बांबू. काही पौर्णिमेच्या सुमाराला तोडायचा, काही अमावास्येच्या. दोन्हीतले निम्मे तुकडे चार आठवडे ओढ्याच्या वाहत्या पाण्यात दगडाखाली दाबून ठेवायचे, कारण मुरवल्याने पिष्ट आणि साखर पाण्यात निघून जाते. निम्मे तसेच वाळवायचे. प्रत्येक तुकड्यावर रंगाने खूण करायची, पडवीत ओळीने टांगायचे आणि दर महिन्याला खाली कागद धरून टिचकी मारायची. किती पीठ पडलं ते मावशींची नात वहीत लिहिते.

टाकणखार आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात बांबू बुडवण्याचा उपायही निघाला. तो चालतो, पण धान्य पाखडायच्या सुपाला किंवा भाकरीच्या टोपलीला नको. शोभेच्या वस्तूंना, दिव्यांना, आकाशकंदिलाच्या कामट्यांना ठीक. मावशींनी तो तेवढ्यापुरता वहीत लिहून घ्यायला सांगितला.

तुमच्याकडे कुठलंही काम असो, असा एक प्रश्न शोधा ज्याचं उत्तर दोघांनी मिळून काढावं लागेल. तो सापडला नाही तर भेट पुढे ढकला.

भेटीचा दिवस

जागा शक्यतो कामाचीच. अंगण, ओटा, जेट्टीजवळची सावली. बाहेर घ्यायचीच असेल तर समाजमंदिर किंवा वाचनालयाची खोली. सतरंजी अंथरा. ज्यांना खाली बसता येत नाही त्यांना खुर्ची, पण मग ती वर्तुळातच. व्यासपीठ, हारतुरे, स्लाईड काही नको. कारागिराने हत्यारं आणि अर्धवट झालेलं काम सोबत आणावं आणि ते भेटभर चालू ठेवावं. हात चालू असले की माणूस भाषण करत नाही, दाखवत बोलतो.

पहिल्या तासात अभ्यासकांनी विचारायचं नाही, फक्त बघायचं आणि सांगितलं तर हात लावायचा. हे त्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर अवघड जातं. कांबट तासून बघितलेल्या माणसाचे प्रश्न वेगळेच असतात. दुसऱ्या तासात कारागिरांचे प्रश्न, मग अभ्यासकांचे. मध्यस्थाने एकच काम करायचं: कोणी इंग्रजी शब्द टाकला की थांबवून त्याचं मराठी मागायचं.

दिवाळे गावातल्या एका भेटीत एक नाखवा जाळं तुणत बसले होते. एका मुलीने विचारलं, "काका, हे जाळं किती मीटर आहे?" ते म्हणाले, "मीटर नाय म्हाईत, वाव सांगतो," आणि उठून दोन्ही हात पसरून उभे राहिले. या हाताच्या बोटापासून त्या हाताच्या बोटापर्यंत एक वाव. मुलगी त्यांच्यापेक्षा वीतभर बुटकी होती. तिने तिचा वाव मोजला, तो कमी भरला. मग तिच्या लक्षात आलं की जाळं ओढणाऱ्याच्या अंगाच्या मापाने जाळ्याचा हिशेब होतो, आणि तिच्या वहीतला मीटरचा रकाना त्यासाठी पुरेसा नाही. तिने नवीन रकाना आखला. जाळ्याच्या आसाचं, म्हणजे विणीतल्या भोकाचंही तसंच. नाखव्यांनी दोन बोटं आसातून घालून दाखवली आणि या आसात कुठला मासा अडकतो, कुठला सुटतो ते सांगितलं.

शब्दांची वही

भेटीत एक वही फक्त शब्दांसाठी ठेवा. बोट, वीत, हात, वाव ही मापं. हत्यारांची नावं. बिघडलेल्या मालाची नावं, कारण चांगल्या मालापेक्षा वाईट मालाला जास्त शब्द असतात. प्रत्येक शब्दापुढे तो कुणी, कुठल्या गावात सांगितला ते लिहा. प्रमाण मराठीत "सुधारून" घेऊ नका.

आणि शब्दाबरोबर कृती लिहा. मला आठवतो तो प्रसंग सांगते. एक विद्यार्थी कॅलिपरने कांबट्यांची जाडी मोजत होता. वीस कांबट्या, सगळ्या जवळजवळ सारख्या, त्याने एकाच गटात टाकल्या. मावशींनी त्या उचलल्या, एकेक अंगठ्यावर वाकवली आणि डाव्या-उजव्या हाताला दोन ढीग केले. "या सुपाच्या. या टोपलीच्या बुडाला." तो गोंधळला, त्याच्या आकड्यांत फरकच नव्हता. मावशींनी दोन्ही ढिगांतली एकेक कांबट त्याच्या नखाखाली दिली. एक बांबूच्या हिरव्या पाठीकडची होती, दुसरी आतल्या गाभ्याकडची. पाठीकडची वाकवली तर कमानीसारखी फिरते आणि सोडली की सरळ होते, गाभ्याकडची मऊ पडते आणि लवकर तुटते. बांबूचे तंतू बाहेरच्या बाजूला दाट असतात हे त्याने वर्गात शिकलेलं होतं. त्याला ते अंगठ्यावर कळलं. त्याच्या वहीत जाडीशेजारी "अंगठ्यावर वाकवून" असा रकाना आला, आणि तो भरायला त्याला दर वेळी मावशींना विचारावं लागलं.

परवानगी एकदा घेऊन भागत नाही

छापील इंग्रजी अर्जावर सही घेतली म्हणजे परवानगी मिळाली असं होत नाही. मराठीत, तोंडी, सगळ्यांसमोर विचारा आणि होकार ध्वनिमुद्रित करा. प्रत्येक गोष्टीचं वेगळं विचारायचं: बोलणं लिहून घेऊ का? फोटो काढू का, चेहऱ्यासकट की फक्त हातांचा? व्हिडिओ? नक्षी किंवा चित्र छापू का? नाव लिहू की नको? होकार दिल्यावरही मागाहून "ते काढून टाका" म्हणायचा हक्क त्यांना आहे हे स्पष्ट सांगा आणि त्यासाठी एक फोन नंबर कागदावर लिहून द्या.

काही गोष्टी दाखवायच्याच नसतात. लग्नात भिंतीवर काढतात तो देवचौक, भगताचं काम, घरातली एखादी विधीची वस्तू. "यावर नको" म्हटलं की विषय तिथेच सोडायचा, कारण विचारायचं नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या सान लोकांनी २०१७ मध्ये संशोधकांसाठी स्वतःची आचारसंहिता लिहिली. आदर, प्रामाणिकपणा, न्याय, काळजी आणि ठरलेली पद्धत पाळणं, एवढ्यावर ती उभी आहे. आपल्या गावांनी, पाड्यांनीही असं एक पान का लिहू नये? दोन भेटींनंतर कारागिरांना ते सुचवून बघा. त्यांच्या मनातल्या अटी पाच-सहाच निघतात आणि फार रास्त असतात.

वारली चित्रांबाबत एक घोटाळा वारंवार होतो. त्यांना भौगोलिक मानांकन आहे. मानांकनाचा कायदा १९९९ चा, २००३ पासून लागू. मानांकन प्रदेशाच्या आणि समूहाच्या नावाचं रक्षण करतं. एखाद्या चित्रकाराने काढलेल्या विशिष्ट चित्राचा हक्क त्याहून वेगळा, तो १९५७ च्या कॉपीराइट कायद्याखाली त्या चित्रकाराचा, आयुष्यभर आणि पुढे ६० वर्षं. म्हणजे "वारली तर सगळ्यांचीच" म्हणून कुणाचं चित्र उचलून कपड्यावर, डायरीवर छापता येत नाही. भेटीत काढलेल्या फोटोतली नक्षी कुठल्याही वस्तूवर वापरायची असेल तर त्यासाठी नवा, लेखी आणि पैशाचा करार. हे अभ्यासकाच्या पानभर मजकुरातच लिहून घ्या, पुढचे वाद वाचतात.

परत काय जाईल

भेटीनंतर महिन्याभरात कारागिराच्या घरी पोहोचायला हव्यात त्या वस्तू: फोटोंच्या छापील प्रती, मोबाइलवरच्या लिंका नव्हेत. त्यांच्या बोलण्याची मराठी नक्कल. आणि अभ्यासकाला काय समजलं त्याचं दोन पानी टिपण, जे घरी जाऊन मोठ्याने वाचायचं. वाचताना ते थांबवतात, दुरुस्त करतात. "असं मी म्हटलं नव्हतं" हे वाक्य छापून येण्याआधी ऐकलेलं बरं. निबंध छापला तर ज्यांनी ज्ञान दिलं त्यांचं नाव, त्यांना हवं असेल तर, लेखक म्हणून. आभाराच्या ओळीत नव्हे.

एक प्रत सार्वजनिक ठिकाणी ठेवा. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासून उभं आहे, अशा जागी ठेवलेली वही कुणा नातवाला पन्नास वर्षांनी सापडू शकते. गावच्या शाळेत, ग्रामपंचायतीतही एकेक प्रत द्या.

सरकारी योजनांची माहिती हीसुद्धा परतफेड ठरते. केंद्राच्या हस्तकला आयुक्तालयाचं पहचान ओळखपत्र अनेकांकडे नसतं. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत आणि त्यांत टोपली-चटई-झाडू करणारे, जाळी विणणारे, होडी बांधणारे, कुंभार, मूर्तिकार सगळे येतात. प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये, हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत, आणि पहिल्या टप्प्यात १ लाखापर्यंत व दुसऱ्यात २ लाखांपर्यंत ५ टक्के व्याजाने कर्ज अशी तिची रचना. विद्यार्थ्यांनी अर्ज भरायला बसावं, जरूर बसावं. पण "मिळवून देतो" असा शब्द कोणी देऊ नये. मंजुरी आपल्या हातात नसते, आणि मोडलेला शब्द पुढच्या दहा अभ्यासकांची वाट बंद करतो.

दुसरी तारीख

पहिल्या भेटीतून उठण्याआधी दुसरीची तारीख ठरली पाहिजे, आणि ती कारागिराने सांगायची. दुसऱ्या भेटीला न येणाऱ्या अभ्यासकाला आम्ही तिसऱ्या कुणाशी जोडून देत नाही.

मावशींच्या पडवीत खुणा केलेले बांबूचे तुकडे अजून टांगलेले आहेत. गेल्या वेळी आम्ही गेलो तेव्हा पाण्यात मुरवलेल्या तुकड्यांखाली पीठ कमी पडलेलं होतं. पौर्णिमा-अमावास्येचा निकाल लागायला आणखी एक पावसाळा जाऊ द्यावा असं दोघींचं, मावशींचं आणि वनस्पतीच्या बाईंचं, एकमत झालं. चुलीजवळच्या भिंतीवर कालनिर्णय आहे. त्यावर मार्गशीर्षातल्या एका रविवारला नातीने लाल पेनाने गोल केला आहे आणि बाजूला लिहिलं आहे, "बांबू बघायचा. बाई येणार."